टाळता येणारी हिंसा

व्हीगन राहणीचा, म्हणजे मांस-माशांबरोबरच दूध, अंडी, मध, चामडं असं प्राण्यांकडून येणारं सगळं टाळण्याचा, विषय निघाला की वाद पहिल्या दोन मिनिटांतच भलत्या वाटेला लागतो. एक पक्ष विचारतो: नांगराखाली किडे मरतात त्याचं काय? कॅप्सूलमधलं, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनणारं जिलेटिन चालतं का? झाडांना जीव नसतो का? दुसरा पक्ष तितक्याच त्वेषानं पाकिटावरची बारीक अक्षरं वाचतो, कुणाच्या बिस्किटात दुधाची भुकटी निघाली याचा पंचनामा करतो आणि चमचाभर मध खाणाऱ्याला ढोंगी ठरवून मोकळा होतो. हे दोघं कट्टर विरोधक दिसतात खरे, पण एक गोष्ट दोघांनीही न बोलता मान्य केलेली असते. व्हीगन असणं हे एक प्रकारचं सोवळं आहे, आणि सोवळं एकदा विटाळलं की संपलं. एकाला ते विटाळलेलं दाखवून द्यायचं असतं, दुसऱ्याला ते प्राणपणानं जपायचं असतं. ज्या प्राण्यांवरून हे सगळं सुरू झालं, ते या भांडणात कुठेच नसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. जे दुःख आपण आपलं आरोग्य न गमावता आणि कुणाचं पोट न मारता टाळू शकतो, ते टाळायला हवं. व्हीगन राहणीचा गाभा एवढाच आहे. ही निष्कलंक होण्याची साधना नाही, वजन उतरवण्याची युक्ती नाही आणि कुणापेक्षा वरचढ ठरण्याचा मार्ग तर नाहीच. ताटातल्या, अंगावरच्या, कपाटातल्या प्रत्येक वस्तूबाबत एक साधा प्रश्न विचारायचा असतो: मला याची खरोखर गरज आहे का? आणि गरज नसेल, तर माझ्या सवयीसाठी दुसऱ्या जिवानं किती सोसावं?

नोव्हेंबर १९४४ मध्ये, महायुद्ध आणि रेशनिंग चालू असताना, इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी सुरू केली. ही सगळी मांस आधीच सोडलेली माणसं होती. दूध आणि अंडी ही त्याच व्यवस्थेची अंगं आहेत असं त्यांना वाटत होतं, पण शाकाहारी संघटनेच्या मासिकात या मताला नियमित जागा मिळेना, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. पुढे या संस्थेनं जी व्याख्या पक्की केली तिच्यात मांस, मासे, दूध, अंडी, मध यांच्याबरोबर चामडं, लोकर, रेशीम आणि प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधनंही आली. पण त्याच वाक्यात एक अट आहे, जी दोन्ही पक्ष सोयीनं विसरतात: प्राण्यांचं शोषण आणि क्रौर्य ‘जिथवर शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर’ टाळायचं. ही अट म्हणजे पळवाट आहे असं टीकाकार म्हणतात, आणि कडवे व्हीगन ती दबक्या आवाजात वाचतात. माझ्या मते तीच या विचाराचा कणा आहे. ती काढून टाकली तर उरतं फक्त सोवळं.

मांसाचं समजतं, पण दूध-अंड्यात कुणाला मारावं लागतं, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. गाय दूध देते ती वासरासाठी. व्याल्याशिवाय दूध नाही, आणि सतत दूध हवं तर तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं. औद्योगिक गोठ्यांत हे काम कृत्रिम रेतनानं होतं आणि वासरू बहुधा काही तासांत किंवा दिवसांत आईपासून वेगळं केलं जातं, कारण ते जे पिईल ते विकता येत नाही. जन्मणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. त्यांना दूध येणार नाही, मग त्यांना पोसायचं कुणी आणि का? गाय वीसेक वर्षं जगू शकते. पण अशा गोठ्यांत पाच-सहा वर्षांची झाली, दूध कमी झालं किंवा पाय अधू झाले की तिची रवानगी कत्तलखान्यात होते. म्हणजे दुधाच्या धंद्याला मांसाच्या धंद्याची गरज असते. एकाचं जे उरतं ते दुसऱ्याकडे जातं. दूध घ्यायचं आणि मांसाला नाक मुरडायचं, ही भूमिका या साखळीचं एकच टोक बघते.

अंड्यांचं चित्र याहून गडद आहे. कोंबडीचा रानटी पूर्वज, लाल रानकोंबडी, वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आजच्या अंड्यांच्या जातींची कोंबडी तीनशेच्या आसपास घालते, आणि प्रत्येक कवचासाठी लागणारं कॅल्शियम तिच्या हाडांतून ओढलं जातं. छातीचं हाड मोडलेल्या कोंबड्या ही या व्यवसायातली नेहमीची गोष्ट आहे. या जातींचे नर अंडी घालत नाहीत, आणि मांसासाठी वेगळ्या जाती असल्यामुळे तिथेही ते परवडत नाहीत. म्हणून जगभरात दर वर्षी काही अब्ज नर पिल्लं जन्मल्याच्या दिवशीच मारली जातात, वायूनं गुदमरवून किंवा यंत्रात दळून. जर्मनीनं २०२२ च्या सुरुवातीपासून यावर बंदी घातली, पाठोपाठ फ्रान्सनंही पाऊल उचललं. ज्या समाजांना अंडी सोडायची मुळीच इच्छा नव्हती, त्यांनाही हे पाहवलं नाही, याची नोंद घ्यायला हवी. मोकळ्या आवारातल्या कोंबड्यांची अंडी घेतली म्हणून ही पिल्लं वाचत नाहीत. ती कोंबडीही बहुधा त्याच उबवणी केंद्रातून आलेली असते. माशांबद्दल तर आपण मोजायचीही तसदी घेत नाही. जमिनीवरचे प्राणी नगावर मोजले जातात, वर्षाला ऐंशी अब्जांहून जास्त, आणि मासे टनांवर.

आता विरोधकांचा सगळ्यात चांगला मुद्दा घेऊ. शेतीतही जीव मरतात. नांगरानं, कापणीच्या यंत्रानं, कीटकनाशकानं, उंदीर मारायच्या विषानं. हे खरं आहे, आणि ते नाकारणारा व्हीगन स्वतःला फसवतो. पण यातून निघतं काय? जनावरंही हवेवर जगत नाहीत. जगातल्या धान्यापैकी सुमारे एक-तृतीयांश आणि सोयाबीनपैकी जवळपास तीन-चतुर्थांश त्यांच्या खाद्यात जातं. २०१८ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार ७०० शेतांची माहिती एकत्र केली होती. त्यानुसार जगातल्या शेतजमिनीपैकी ८३ टक्के जमीन प्राणिजन्य अन्नासाठी वापरली जाते, आणि तिच्यातून मिळतात १८ टक्के उष्मांक व ३७ टक्के प्रथिनं. प्राणिजन्य अन्न पूर्ण वगळलं तर शेतजमिनीची गरज ७६ टक्क्यांनी घटेल, असाही त्यांचा हिशेब आहे. नांगराखाली मरणाऱ्या किड्यांची ज्याला मनापासून काळजी आहे, त्यानं कमी जमीन नांगरावी लागेल असा आहार निवडायला नको का?

याच्या पुढचा आक्षेप जास्त वजनदार आहे. जनावरांच्या खाद्यापैकी ८६ टक्के भाग माणसाला खाता येत नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१७ साली मांडलं: गवत, कडबा, पेंड, तूस. कुरणांखालची बरीच जमीन पीक घेण्यालायक नाही, हेही खरं. म्हणजे गवताचं रूपांतर अन्नात करणारा प्राणी काढून टाकला तर काही ठिकाणी माणसाच्या हाती काहीच उरणार नाही. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मंगोलियाच्या गवताळ पठारावर मेंढ्या राखणाऱ्याला किंवा उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट कुटुंबाला हा लेख उद्देशून नाही. तिथे ‘व्यवहार्य’ या अटीचा अर्थ वेगळा आहे. पण उरलेल्या १४ टक्क्यांतच ते एक-तृतीयांश धान्य आहे, ही बाब बाजूला ठेवता येत नाही. आणि पीक येत नाही म्हणून एखादी जमीन आपण चरून काढलीच पाहिजे असंही नाही. तिथे जंगल परत येऊ शकतं, गवतावर रानटी प्राणी जगू शकतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा मुद्दा मांडणारा माणूस बहुतेक वेळा पठारावर राहत नाही. तो सुपरमार्केटच्या रांगेत उभा असतो आणि त्याच्या टोपलीतल्या कोंबडीनं सहा आठवड्यांच्या आयुष्यात गवताचं पातं पाहिलेलं नसतं. दुसऱ्याच्या नाइलाजाचा आधार घेऊन आपली निवड कशी समर्थनीय ठरते?

‘पूर्ण निर्दोष होता येत नाही, म्हणून काहीच करू नये’ हा युक्तिवाद नवा नाही. एप्रिल १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापारावरची बंदी फेटाळली, तेव्हा विल्यम फॉक्स यांनी एक छोटी पत्रिका काढली. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या श्रमातून येणारी साखर आठवड्याला पाच पौंड वापरणाऱ्या कुटुंबानं ती २१ महिने बंद केली तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचेल, असा हिशेब त्यांनी मांडला. वेस्ट इंडीजची साखर सोडणाऱ्यांची संख्या तीन लाखांवर गेली, असा अंदाज गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते थॉमस क्लार्कसन यांनी दिला आहे. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांच्या हाती घरचा साखरेचा डबा होता, आणि तो त्यांनी वापरला. या लोकांची व्यंगचित्रं निघाली, टवाळी झाली. आणि त्यांच्या अंगावरच्या कापसात किंवा चिलमीतल्या तंबाखूत गुलामांचा घाम नव्हता का? होताच. तरीही साखर सोडण्याला अर्थ होता. १८०७ मध्ये व्यापार बंद झाला, १८३३ मध्ये साम्राज्याच्या बहुतेक भागांतली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. हे केवळ बहिष्कारानं घडलं असं मी म्हणत नाही, गुलामांचे उठाव आणि संसदेतली झुंज यांचा वाटा मोठा होता. आणि गुलाम माणसाची तुलना जनावराशी करण्याचा हेतू तर अजिबात नाही, ती तुलना त्या माणसांचा अपमान आहे. साम्य आहे ते समोरच्या युक्तिवादात. ‘तुम्ही हे सोडलंत, मग ते का नाही?’ असं विचारणाऱ्याला ते सोडायचं असतं असं क्वचितच दिसतं.

आरोग्याच्या बाबतीत मात्र व्हीगन प्रचारकांनी लोकांशी खरं बोलायला हवं, आणि ते नेहमी तसं बोलत नाहीत. बी१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. ते जिवाणू तयार करतात. त्याच्या कमतरतेनं रक्तक्षय होतो, आणि मज्जातंतूंना झालेली इजा कधी कधी भरून येत नाही. समुद्री शेवाळ, आंबवलेले पदार्थ, न धुतलेली भाजी हे यावरचे उपाय नाहीत. गोळी किंवा बी१२ घातलेलं अन्न हाच उपाय. इंग्लंडमध्ये सुमारे ५५ हजार लोकांवर दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे जे निष्कर्ष २०२० मध्ये आले, त्यांत व्हीगन लोकांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहारींच्या दुपटीहून जास्त दिसलं. कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं ही त्याची काही कारणं होती, पण ती वजा केल्यावरही फरक पूर्ण पुसला गेला नाही. लहान मुलं आणि गरोदरपण यांबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत. २०१६ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं नीट आखलेला व्हीगन आहार आयुष्याच्या सर्व टप्प्यांवर योग्य असल्याचं म्हटलं, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेनं गरोदर स्त्रिया व मुलांसाठी त्याची शिफारस करण्याचं नाकारलं. या वादात ‘नीट आखलेला’ हा भाग कळीचा आहे. बाळाला केवळ बदामाच्या दुधावर ठेवणारे आईवडील व्हीगन विचार पाळत नसतात, ते बाळाचा जीव धोक्यात घालत असतात.

‘ज्या आहाराला गोळीचा टेकू लागतो तो निसर्गाविरुद्ध आहे’ हे वाक्य मात्र मला पटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आणि अमेरिकेत १९२४ पासून मिठात आयोडीन घालायला सुरुवात झाली, कारण तिथल्या मातीत ते पुरेसं नव्हतं आणि गलगंडानं माणसं त्रासली होती. आयोडीनचं मीठ खाणाऱ्याचा आहार निसर्गाविरुद्ध आहे असं आज कोण म्हणतं? बंदिस्त जागेत वाढवलेल्या जनावरांच्या खाद्यातही बी१२ किंवा कोबाल्ट मिसळलं जातं. एक जण गोळी थेट घेतो, दुसरा ती जनावरामार्फत घेतो. शिवाय निसर्गाचा दाखला द्यायचा तर जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये दुधातली साखर पचवण्याची क्षमता बालपणानंतर घटलेली असते, हेही सांगावं लागेल. निसर्गात काय होतं यावरून काय करावं हे ठरत नाही, या बाजूनंही नाही आणि त्या बाजूनंही नाही.

या संदर्भात गांधीजींची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ती दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ साली त्यांनी दूध सोडलं. पुढे गंभीर आजारात शरीर खंगलं, डॉक्टरांनी आग्रह धरला, आणि व्रत गायी-म्हशीच्या दुधापुरतं होतं असा अर्थ लावून ते शेळीचं दूध घेऊ लागले. आपण शब्द पाळला पण आत्मा मोडला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. दुधाची बरोबरी करणारा वनस्पतिजन्य पर्याय कुणाला ठाऊक असेल तर कळवा, असं त्यांनी जाहीरपणे विचारलं होतं. १९३१ साली लंडनमधल्या शाकाहारी मंडळींसमोर बोलताना त्यांनी सांगितलं की केवळ तब्येतीसाठी शाकाहार धरणारे बहुतेक मागे फिरतात, टिकायचं तर नैतिक पाया लागतो. आणि बी१२ वेगळं काढण्यात शास्त्रज्ञांना यश आलं ते १९४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. त्यांच्या अशक्तपणाचं कारण बी१२ होतं असा दावा मी करत नाही. मुद्दा हा की ते चुकीचा प्रश्न विचारत नव्हते, फक्त त्यांच्या काळाजवळ उत्तर नव्हतं.

व्यवहार्यतेची रेघ अशी सरकत असते, आणि ती सरकवण्यात माणसाचा हात असतो. १९२२ पासून मधुमेह्यांना मिळणारं इन्शुलिन कत्तलखान्यातल्या डुकरा-गायींच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. १९५० मधल्या एखाद्या व्हीगन मधुमेह्यानं ते घेणं यात कसलीही प्रतारणा नव्हती. न घेतलं तर मरण होतं. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्शुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि ती सक्ती हळूहळू संपली. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध आजही डुकराच्या आतड्यातून येतं, आणि रक्ताची गुठळी झालेल्या माणसानं ते घ्यावं, विनासंकोच घ्यावं. व्हीगन सोसायटीचीही डॉक्टरांनी दिलेली औषधं सोडा अशी भूमिका नाही. आज जिथे पर्याय नाही तिथे दोष नाही. पण जिथे पर्याय समोर मांडलेला आहे तिथे जुनं कारण पुढे करता येत नाही.

आणि बहुतेकांच्या रोजच्या ताटात पर्याय मांडलेला आहेच. कडधान्यं, डाळी, सोयाबीन, टोफू, शेंगदाणे, तीळ, धान्यं, भाज्या, फळं यांवर प्रौढ माणसाची प्रथिनांची गरज सहज भागते. प्रत्येक घासात सगळी अमिनो आम्लं जुळवत बसावं लागत नाही, दिवसभरात विविधता असली की पुरे. लोहासाठी डाळ-पालेभाजीबरोबर लिंबासारखं आंबट काहीतरी घ्यावं, चहा-कॉफी जेवणापासून दूर ठेवावी. कॅल्शियम घातलेलं सोयाचं दूध निवडावं, नुसतं पांढरं दिसतंय म्हणून कुठलंही नाही. आयोडीनचं मीठ वापरावं, जवस किंवा अक्रोड खावेत, ऊन कमी मिळत असेल तर ड जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावं. बी१२ बद्दल वर सांगितलंच. एका दिवसात सगळं सोडणं ज्यांना जमतं त्यांनी सोडावं. बाकीच्यांनी रोजचं एक जेवण बदलावं, मग दुसरं. घरातलं जुनं चामड्याचं पाकीट फेकून कुठलीही गाय परत येत नाही, ते झिजेपर्यंत वापरावं आणि नवं घेताना विचार करावा.

इथे माझ्या बाजूच्या मंडळींशी माझं भांडण आहे. दहा माणसांनी दूध-मांस निम्म्यावर आणलं तर प्राण्यांच्या दृष्टीनं ते पाच पक्क्या व्हीगन माणसांइतकंच झालं. मग त्या दहांना ‘अर्धवट’ म्हणून हाकलणारा कुणाची बाजू घेत असतो? जो सुरुवात करतो त्याला पहिल्याच दिवशी मधावरून फैलावर घेतलं की तो दुसऱ्या दिवशी परत येत नाही. सीरियातल्या मअर्रा गावात राहणारा अंध अरबी कवी अल-मअर्री यानं अकराव्या शतकात मांस, मासे, दूध, अंडी आणि मध हे सगळं सोडलं होतं. त्याच्या या वागण्याबद्दल एका धर्मप्रचारकानं पत्रांतून त्याची उलटतपासणी केली, तेव्हा त्यानं प्राण्यांच्या वेदनेबद्दल लिहिलं आणि आपल्या तुटपुंज्या मिळकतीबद्दलही लिहिलं. हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस तत्त्व आणि परिस्थिती एकाच पत्रात सांगू शकला. हे आज अवघड का व्हावं? आणि हे फॅड आत्ताच, खाऊनपिऊन सुखी लोकांनी काढलं, असं म्हणणाऱ्यांनीही तो पत्रव्यवहार आठवावा.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. जनावरांवर ज्यांचं घर चालतं त्यांना उद्यापासून बंद करा असं सांगणं निर्दयपणाचं आहे, आणि तसं घडणारही नाही. मागणी ओसरते ती वर्षानुवर्षांत, त्याच गतीनं कमी जनावरं जन्माला घातली जातात. सरकारांनी करायचं ते एवढंच की जो पैसा आज पशुपालन टिकवण्यासाठी ओतला जातो, त्यातला वाटा शेतकऱ्याला डाळी-तेलबियांकडे वळताना आधार म्हणून द्यावा. बंदी हा मार्ग मला मान्य नाही. दुसऱ्याच्या ताटावर पोलीस बसवले की विचार तिथेच थांबतो, आणि ताटावरची सक्ती नेहमी दुबळ्यांवर आधी कोसळते. पोर्तुगालनं २०१७ साली केलेला कायदा मला जास्त शहाणपणाचा वाटतो. शाळा, विद्यापीठं, रुग्णालयं, तुरुंग अशा सार्वजनिक उपाहारगृहांत रोज किमान एक पदार्थ प्राणिजन्य घटकांशिवायचा असलाच पाहिजे, एवढंच त्यात म्हटलं आहे. कुणाच्या ताटातलं काही काढून घेतलेलं नाही. पण रुग्णालयातल्या ज्या माणसाला काल हे खाणं शक्य नव्हतं त्याला ते आज शक्य झालं आहे, आणि व्हीगन राहणीवर ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आपल्या सरकारकडे अशी एक तरतूद मागावी की मागू नये, इथून सुरुवात करावी.